साडेतीन इंच

त्याला स्वतःचं नाव नाही. रेल्वेच्या कागदांवर तो ८९ मिलिमीटर म्हणून नोंदला गेला, पण ती झाली जनगणनेतली नोंद. मी त्याला साडेतीन इंच म्हणतो. रशियातल्या दोन रुळांमधलं अंतर पूर्वी पाच फूट. बर्लिनपासून पॅरिसपर्यंत तेच अंतर चार फूट साडेआठ इंच. मोठ्यातून लहान वजा केलं की खाली उरतो तो हा. हाताची चार बोटं जुळवून टेबलावर ठेवा आणि करंगळीपलीकडे जराशी जागा सोडा. एवढीच त्याची अंगकाठी. तो लाकूड नाही, लोखंड नाही, वजन तर त्याला मुळीच नाही. नुसती तफावत. पण २२ जून १९४१ ला तीस लाखांवर जर्मन सैनिक रशियात घुसले, तेव्हा हा गृहस्थ सरहद्दीवर मांडी ठोकून बसलेला होता. त्याला ओलांडून पुढे गेलेल्या प्रत्येकाचं पोट, बंदूक आणि पेट्रोलची टाकी मागे त्याच्याच हाती राहिली.

साडेतीनचं अप्रूप मराठी माणसाला सांगायला नको. मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठं साडेतीन, पेशवाईतले शहाणेही साडेतीन. त्यातला अर्धा म्हणजे नाना फडणवीस. बाकीचे तिघे तलवारीलाही हात घालत आणि नाना फक्त लेखणीला, म्हणून ते अर्धे, असं सांगतात. या लढाईच्या गोष्टीतही लेखणीवाल्यांना अर्धंच मोजलं गेलं. पण ते पुढे.

त्याचा जन्म १८४० च्या दशकातला, सेंट पीटर्सबर्ग ते मॉस्को या लोहमार्गाच्या आराखड्यांवर. झार पहिल्या निकोलसनं सल्लागार म्हणून जॉर्ज वॉशिंग्टन व्हिसलर नावाचा अमेरिकन इंजिनिअर बोलावून घेतला होता. काळ्या पोशाखात, बाजूनं दिसणारी, खुर्चीत ताठ बसलेली एक म्हातारी चित्रांच्या पुस्तकांत तुम्ही पाहिली असेल. ती या इंजिनिअरची बायको. ते जगप्रसिद्ध चित्र त्यांच्या मुलानं काढलेलं. मुलाचं नाव अजरामर झालं, आईचा चेहरा अजरामर झाला. बापानं मागे ठेवलेल्या पाच फुटांची आठवण कुणी काढत नाही. मार्ग १८५१ मध्ये सुरू झाला. तो पाहायला व्हिसलर उरला नव्हता, १८४९ मध्येच पीटर्सबर्गला वारला.

शत्रूच्या गाड्या आत येऊ नयेत म्हणून झारनं मुद्दाम रुंद रूळ टाकले, अशी कथा आजही छातीठोकपणे सांगितली जाते. कथा झकास आहे, पण त्या काळी बर्लिनहून पीटर्सबर्गला जाणारा रूळच नव्हता, मग गाडी अडवायची कुठली? रशियातली पहिली छोटी रेल्वे १८३७ ची, तिचं अंतर तर सहा फूट होतं. व्हिसलरला सहा फूट उधळपट्टी वाटली आणि पाच पुरेसे वाटले. अमेरिकेच्या दक्षिणेतही तेव्हा पाच फुटांचेच रूळ होते. तिथल्या लोकांनी १८८६ मध्ये, ३१ मे आणि १ जून या दोन दिवसांत, हजारो मैल मार्गाचा एक रूळ तीन इंच आत सरकवून टाकला. दोन दिवसांत! म्हणजे हा प्राणी अजिंक्य वगैरे कधीच नव्हता. माणसं, खिळे आणि पूर्वतयारी असली की तो निमूटपणे बाजूला होतो. ही गोष्ट आधी कबूल करून टाकतो, कारण ‘रशियाला रुळांनी वाचवलं’ असं म्हणणाऱ्यांच्या पंगतीत मला बसायचं नाही.

त्याच्या चुलत भावंडांशी माझी गाठ मिरजेला पडली. पुण्याकडची ब्रॉडगेज, बेळगावकडची मीटरगेज आणि पंढरपूर-लातूरकडची नॅरोगेज अशा तिन्ही बहिणी एके काळी त्या एका स्टेशनात नांदत होत्या. सुट्टीत आजोळी जाताना गाडी बदलायची असे, आणि मधल्या वेळेत मी मालधक्क्यावर जाऊन उभा राहायचो. एका वाघिणीतली पोती दुसऱ्या वाघिणीत जायची. पाठीवर गोणपाट टाकलेला हमाल वाकायचा, दुसरा पोत्यात आकडा रुतवून ते त्याच्या पाठीवर ढकलायचा, तो दहा-बारा पावलं दुडक्या चालीनं जायचा, पोतं धप्पकन पडायचं, धूळ उडायची. परत. दोन्ही वाघिणी जागच्या हलत नसत, माणसं मात्र दिवसभर हलत. कोल्हापूरचा गूळ दहा-बारा पावलांचा प्रवास करायला अर्धा दिवस घेतो, हे मी त्या वयात पाहिलं. पुढे युद्धाच्या पुस्तकांत नकाशांवरचे जाड काळे बाण पाहताना मला ते दुडकं चालणंच आठवत राहिलं.

आमच्या सकाळच्या चहाच्या कट्ट्यावर बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब येतात. वि. ग. कानिटकरांचं ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’ त्यांनी किती वेळा वाचलंय याचा हिशेब त्यांच्याकडेही नसेल. महिन्यातून एकदा तरी ते टेबलावर रशिया मांडतात. बशी म्हणजे मॉस्को, साखरेची वाटी म्हणजे कीव्ह, आणि ग्लुकोजचं बिस्किट म्हणजे जनरल गुडेरियनचे रणगाडे. “अहो, इथवर आला होता तो, स्मोलेन्स्कला, जुलैच्या मध्यात! इथून मॉस्को किती? चारशे किलोमीटर. आणि हिटलरनं त्याला वळवला खाली कीव्हकडे. तिथं घालवला महिना-सव्वा महिना. ऑगस्टमध्ये सरळ गेला असता ना, खेळ खलास होता.” असं म्हणून ते बिस्किट बशीत बुडवतात.

मी एकदा विचारलं, “साहेब, हे बिस्किट जाता जाता खाणार काय?”

“बिस्किट काय खाणार?” ते हसले. पण प्रश्न थट्टेचा नव्हता.

डिसेंबर १९४० मध्ये, म्हणजे स्वारीच्या सहा महिने आधी, जर्मन सैन्याच्या मुख्यालयात कागदावर ही लढाई खेळून पाहण्यात आली. खेळवणारा फ्रीडरिख पाउलुस, तोच जो पुढे स्टालिनग्राडला शरण गेला. रसद सांभाळायची जबाबदारी एडुआर्ड वाग्नर या जनरलची. वाग्नरच्या माणसांचं गणित साधं होतं: ट्रकांच्या जोरावर सैन्याला सरहद्दीपासून सुमारे पाचशे किलोमीटरपर्यंत पोसता येईल. तिथं थांबायचं, रूळ जोडून घ्यायचे, साठा करायचा, मग पुढे. पाचशे किलोमीटर म्हणजे नीपर नदीच्या आसपास. सरहद्दीवरच्या ब्रेस्टपासून मॉस्को हजार किलोमीटरच्या पलीकडे. मधल्या पाचशेचं काय? त्याचं उत्तर असं होतं की रशियाचं लाल सैन्य नीपरच्या अलीकडेच संपलेलं असेल. लेखणीवाल्यांनी बेरीज बरोबर केली होती. तलवारवाल्यांनी खाली हवं ते उत्तर लिहून घेतलं.

ट्रकांवर एवढी भिस्त कशाला? ट्रकाला रुळांचं अंतर किती याच्याशी देणंघेणं नसतं, म्हणून. साडेतीन इंचाला चकवायचा तोच मार्ग होता. पण ट्रक स्वतः खादाड. पाचशे किलोमीटर पुढे गेलेल्याला पाचशे मागे यायचं असतं, आणि जाता-येता तो पुढच्यांसाठी नेलेलंच पेट्रोल पितो. अंतर वाढतं तसा तो पोचवतो कमी आणि पितो जास्त. त्यात जर्मनांनी निम्म्या युरोपातून गोळा केलेली सुमारे दोन हजार जातींची वाहनं. फ्रेंच ट्रकाचा ॲक्सल मोडला तर झेक ट्रकाचा बसत नाही. रशियातले रस्ते म्हणजे उन्हाळ्यात फुफाटा आणि पावसात राडा. फुफाट्यानं इंजिनं खाल्ली, राड्यानं चाकं. सहा लाखांहून जास्त घोडेही होते, ते लोक विसरतात. या यांत्रिक म्हणून गाजलेल्या सैन्याचा मोठा भाग टापांवरच चालत होता, आणि घोडा तर लढाई असो-नसो, रोज खातोच.

तेव्हा फिरून गाडी रुळांवरच आली.

जर्मन रेल्वे तुकड्या पायदळामागून निघाल्या. काम जवळून पाहिलं तर अगदीच सामान्य. लांब पहारीनं स्लीपरमधला खिळा उचकटायचा. तो किंचाळत बाहेर येतो. पाच-सहा जणांनी सब्बल लावून एका बाजूचा रूळ आत रेटायचा. मोजपट्टी धरायची. १४३५. नवं भोक, नवा खिळा, हातोड्याचे दोन-तीन ठोके, पुढचा स्लीपर. रुंदाचं अरुंद करायचं असल्यानं स्लीपर तेच चालत. उलटं असतं तर आखूड स्लीपरांच्या टोकाला रूळ टेकवताना पंचाईत झाली असती. सांध्यापाशी मात्र काम अडायचं, कारण गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारा तो सगळा सांगाडाच नव्यानं मांडावा लागे. तरी रूळ सरकत गेले. ऑगस्टमध्ये जर्मन मापाचा मार्ग स्मोलेन्स्कच्या बाजूला पोचलाही.

मग अडलं कुठे? साडेतीन इंच म्हणजे वाड्याच्या दारावरचा बारीकसा कारकून. त्याला बाजूला सारून आत गेलं की कळतं, खरी माणसं आत बसलीत. रशियन इंजिनं दांडगी, त्यांच्या टेंडरमध्ये पाणी जास्त मावे, म्हणून पाण्याच्या टाक्या एकमेकींपासून लांब. जर्मन इंजिन मधेच तहानेनं व्याकूळ व्हायचं. त्यामुळे मधल्या टाक्या नव्यानं उभारणं आलं, आणि होत्या त्यांतल्या कितीतरी लाल सैन्यानं जाताना उडवून दिलेल्या. रशियन कोळसा जर्मन इंजिनांना पचेना, त्यात जर्मन कोळसा मिसळावा लागे; तो कोळसाही गाडीनंच आणायचा. तारा तुटलेल्या, सिग्नल बंद, पुढची गाडी कुठं आहे हे मागच्या गाडीला ठाऊक नाही. जर्मन रूळ जिथं संपे आणि रशियन रूळ जिथं सुरू होई, तिथं आमच्या मिरजेच्या धक्क्यासारखा धक्का. फक्त पोत्यांच्या जागी तोफगोळ्यांच्या पेट्या, आणि मागे खोळंबलेल्या गाड्यांची रांग.

जर्मनांचा आणखी एक भरवसा होता: रशियन वाघिणी आणि इंजिनं आयती हाती लागतील, मग रूळ बदलायची घाई कशाला? ती आशाही लटकीच निघाली. लढाई सुरू झाल्यावर दोनच दिवसांत, २४ जूनला, मॉस्कोत स्थलांतर मंडळ नेमलं गेलं. वर्ष संपेपर्यंत पश्चिमेकडचे १,५२३ कारखाने यंत्रांसकट उपटून उरलकडे, त्यापलीकडे आणि मध्य आशियात नेले गेले; सुमारे पंधरा लाख वाघिणी भरून माल गेला. आकड्याची गंमत बघा: रूळ १५२४ मिलिमीटर, कारखाने १,५२३. योगायोगच, पण या गृहस्थाचं चरित्र लिहिणाऱ्याला असा योगायोग सोडवत नाही. पूर्वेकडे जाताना त्याच रुळांवरून गाड्या विनातक्रार धावल्या. सरहद्दीवर ताटकळत ठेवणारा हा इसम स्वतःच्या घरात कुणालाच दिसत नाही.

आता साहेबांच्या बिस्किटाकडे येऊ. हिटलरनं कीव्हचा हुकूम २१ ऑगस्टला काढला. २३ तारखेला गुडेरियन विमानानं जाऊन त्याला भेटला आणि रिकाम्या हातानं परतला. त्या दिवसांत मध्य आघाडीकडे रोज येणाऱ्या गाड्यांत जेमतेम रोजचा खर्च भागत होता. मोठ्या चढाईसाठी लागणारा साठा होत नव्हता. मार्टिन व्हॅन क्रेव्हेल्ड या इतिहासकारानं १९७७ मध्ये ‘सप्लाइंग वॉर’ नावाचं पुस्तक लिहिलं, त्यात हाच हिशेब आहे: ऑगस्टअखेर मॉस्कोकडे नेता आला असता तो सैन्याचा फार तर एक हिस्सा. आणि तो हिस्सा पुढे गेला असता तेव्हा त्याच्या उजव्या कुशीला कीव्हभोवतीचं लाल सैन्य जसंच्या तसं असतं. सप्टेंबरच्या अखेरीस तिथं जर्मनांनी साडेसहा लाखांवर कैदी धरल्याचा दावा केला. एवढे लोक कुशीला ठेवून, अर्ध्या पोटी, चारशे किलोमीटर.

साहेबांच्या बाजूनंही एक गोष्ट बोलली पाहिजे. मॉस्को म्हणजे नुसती राजधानी नव्हती, देशभरातले रूळ तिथं येऊन मिळत होते. ते गेलं असतं तर उत्तरेकडचं सैन्य दक्षिणेला आणि सायबेरियातलं पश्चिमेला हलवणं रशियनांना फार जड गेलं असतं. साहेबांनी हा मुद्दा कधी मांडला नाही, नाहीतर मी चहाचे पैसे दिले असते. ते नेहमी झेंडा आणि क्रेमलिनच बोलतात.

खरी चढाई ऑक्टोबरच्या सुरुवातीला झाली. व्याझ्मा आणि ब्र्यान्स्कजवळ पुन्हा लाल सैन्याचे लाखो सैनिक वेढ्यात सापडले, मग पावसानं रस्त्यांचा चिखल केला. १३ नोव्हेंबरला ओर्शा या रेल्वे जंक्शनवर जर्मन सैन्याच्या वेगवेगळ्या दलांचे प्रमुख अधिकारी जमले. प्रश्न एकच, या वर्षी आणखी पुढे जायचं का. मुख्यालयानं आणलेल्या नकाशावर मॉस्कोच्याही पूर्वेला चारशे किलोमीटरवरचं गोर्की शहर लक्ष्य म्हणून दाखवलेलं होतं. बाहेर रुळांवर माणसांना रोजचा पाव पोचवणं दुरापास्त होतं आणि आत गोर्की.

त्याच बैठकीत वाग्नरकडे एक वेगळा प्रश्न आला: छावण्यांतल्या रशियन युद्धकैद्यांना खायला काय द्यायचं. जे कैदी काम करत नाहीत त्यांनी उपाशी मरायचं, असं त्यानं सांगितलं. मघाशी मी ज्याच्या गणिताचं कौतुक केलं तोच हा माणूस. वाग्नर पुढे हिटलरला मारण्याच्या जुलै १९४४ च्या कटात होता आणि कट फसल्यावर त्यानं स्वतःला गोळी घालून घेतली, त्यामुळे त्याच्याकडे कनवाळूपणे पाहणारे लोक भेटतात. मला ते जमत नाही. गाड्या कमी आहेत, तर सैन्यानं तिथलंच धान्य खावं, आणि मग तिथल्या लोकांनी काय खावं हा प्रश्नच उरू द्यायचा नाही, हे आयत्या वेळी सुचलेलं नव्हतं. २ मे १९४१ ला, म्हणजे स्वारीच्या सात आठवडे आधी, बर्लिनमधल्या सचिवांच्या बैठकीत ते स्वच्छ नोंदवलेलं आहे: आपल्याला हवं ते त्या देशातून उचललं तर तिथले कोट्यवधी लोक भुकेनं मरतील. मरतील, आणि तरीही उचलायचं. सत्तावन्न लाखांच्या आसपास रशियन सैनिक जर्मन कैदेत पडले. त्यातले तेहतीस लाखांच्या आसपास मेले, निम्म्याहून जास्त पहिला हिवाळा सरायच्या आत. ‘जर असं झालं असतं तर’चा खेळ मांडणाऱ्यांच्या टेबलावर या लोकांसाठी बिस्किटाचा तुकडाही नसतो. जर्मनी जिंकला असता तर काय झालं असतं, याचं उत्तर कल्पनेनं शोधायची गरज नाही. सचिवांनी ते आधीच लिहून ठेवलंय.

थंडी आली आणि इंजिनांचे हाल झाले. जर्मन इंजिनाच्या पाण्याच्या नळ्या बॉयलरच्या बाहेरून जात. उणे तीस-पस्तीस अंशांच्या गारठ्यात त्या फुटत. गरम कोट पोलंडमधल्या गोदामांत पडून होते, कारण वाघिणींत पहिला मान दारूगोळ्याचा आणि पेट्रोलचा. कोट नेला तर गोळे राहतात, गोळे नेले तर कोट. शेवटी सैनिकांनी पायाशी पेंढा बांधला. ५ डिसेंबरला लाल सैन्यानं उलट चढाई सुरू केली. सायबेरियातून आलेल्या तुकड्याही तीत होत्या. त्या आगगाडीनं आल्या होत्या, आणि वाटेत त्यांना गाडी बदलावी लागली नव्हती.

पुढची कहाणी मी भराभर सांगतो, कारण तीच ती आहे. १९४२ मध्ये जर्मन तेलासाठी कॉकेशसकडे निघाले. तेलापर्यंत जाण्यासाठी लागणारं तेलच त्यांना पुरेना, आणि मायकोप हाती आलं तेव्हा तिथल्या विहिरी उद्ध्वस्त केलेल्या होत्या. स्टालिनग्राडला पाउलुसच्या सैन्यानं चारा नाही म्हणून आपले बरेच घोडे आधीच मागे धाडले होते. वेढा पडला तेव्हा तोफा ओढायला कुणी नाही. विमानांनी रोज पाचशे टन पोचवू असं ठरलं, पोचले सरासरी शंभर-सव्वाशे. ज्यानं १९४० मध्ये कागदावर ही लढाई खेळवली होती, त्याच्याच पुढ्यात तो कागद येऊन पडला. स्वारीआधी बाल्कनमधल्या मोहिमेनं पाच आठवडे वाया घालवले नसते तर, हाही साहेबांचा एक आवडता ‘तर’ आहे. त्यांना सांगून झालंय की १९४१ च्या वसंतात नद्यांना उशिरापर्यंत पूर होता, आधी निघणं तसंही अवघडच होतं. त्यांना पटत नाही. असो.

साडेतीन इंच फक्त शत्रूलाच आडवा येत होता असं मात्र नाही. अमेरिका आणि ब्रिटननं रशियाला जी मदत पाठवली तिचा मोठा ओघ इराणमधून जात होता. इराणी रेल्वे चार फूट साडेआठ इंचांची, रशियाची पाच फुटांची. म्हणजे मित्रालाही वाटेत थांबून सामान उतरवावं लागे. त्या वाटेवर ट्रक चालवणाऱ्यांत हिंदुस्थानी सैन्याच्या रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरचे जवानही होते. त्यातल्या दोघांना, सुभेदार नारायणराव निक्कम आणि हवालदार गजेंद्र सिंह चंद यांना, सोव्हिएत सरकारनं १९४४ मध्ये ‘ऑर्डर ऑफ द रेड स्टार’ दिला. हे दोघे रणगाड्यात बसून लढले नाहीत. सामान पोचवत होते. साडेतीन शहाण्यांच्या हिशेबात तेही अर्ध्यातच. निक्कम हे आडनाव वाचून मी थोडा वेळ तसाच बसलो होतो. अमेरिकेनं १,९०० च्यावर वाफेची इंजिनं रशियाला दिली, ती मात्र रशियन अंतराचीच बांधून. पाहुण्याकडे जाताना त्याच्या मापाचा सदरा शिवून न्यावा तशी.

मग वारं उलटलं. माघार घेताना जर्मन सैन्यानं इंजिनामागे एक अजस्र लोखंडी आकडा लावला. तो रुळांच्या मधोमध खाली सोडायचा आणि इंजिन पुढे हाकायचं. प्रत्येक स्लीपर कंबरेत मोडत जायचा. गाव पुरतं उजाड करायचं तर त्यावर गाढवाचा नांगर फिरवत, असं आपण ऐकत आलोय. इथं इंजिनानं नांगर ओढला. बेलारूसमध्ये दुसऱ्या बाजूनं हेच काम रानात लपलेले छापामार बाँब लावून करत होते. जून १९४४ मधल्या मोठ्या सोव्हिएत चढाईच्या तोंडावर एका रात्रीत हजारो ठिकाणी रूळ उडवले गेले.

मला त्या भागातला एखादा स्लीपर पाहायला मिळावा असं फार वाटतं. बारानोविचीच्या आसपासचा, समजा. युद्धापूर्वी तो पोलंडमध्ये होता, रूळ युरोपीय अंतरावर. १९३९ मध्ये रशिया आला, रूळ बाहेर सरकला. १९४१ मध्ये जर्मन आले, रूळ आत. १९४४ मध्ये पुन्हा रशिया, पुन्हा बाहेर. प्रत्येक वेळी जुना खिळा निघाला, शेजारी नवं भोक पडलं. नांगरातून वाचलेला असा स्लीपर कुठं असेलच, तर त्या भागानं काय सोसलं ते हात फिरवला की बोटांना लागेल.

आणि मग हा सरहद्दीवरचा माणूस प्रवासाला निघाला. १९४५ मध्ये सोव्हिएत रेल्वे तुकड्या पोलंडमधून रूळ रुंद करत पश्चिमेला सरकल्या. जुलैत बर्लिनजवळ पॉट्सडॅमला विजेत्या राष्ट्रांची बैठक होती आणि स्टालिनला विमानाचं वावडं. तो आगगाडीनं निघाला. त्याच्या गुप्त पोलिसांच्या प्रमुखानं, बेरियानं, त्याला दिलेल्या अहवालात मार्गाची लांबी आहे, १,९२३ किलोमीटर. त्यातले १,०९५ सोव्हिएत भूमीत, ५९४ पोलंडमध्ये, २३४ जर्मनीत. दर किलोमीटरला सहा ते पंधरा पहारेकरी. त्याच्या गाडीसाठी बर्लिनच्या दारापर्यंत रूळ पाच फुटांचे होते. सरहद्दीवर कुणी गाडी थांबवली नाही, कुणी सामान उतरवलं नाही. साडेतीन इंचानं आयुष्यभर दुसऱ्यांना ताटकळवलं, आणि त्या एका प्रवासात तो डब्याखाली आडवा झोपून बर्लिन पाहून आला.

नंतर तो म्हातारा झाला. सोव्हिएत रेल्वेनं १९७० च्या सुमारास आपलं माप १५२० मिलिमीटर केलं, म्हणजे हा चार मिलिमीटरनं आक्रसला. वयानं उंची कमी होते म्हणतात. पण जागा सोडलेली नाही. ब्रेस्टला प्रवासी डबे माणसांसकट उचलून त्यांच्याखालची चाकं बदलण्याचा उद्योग अनेक वर्षं चालला. २०२२ मध्ये युक्रेनची समुद्राची वाट युद्धानं बंद झाली, तेव्हा गहू रेल्वेनं युरोपात न्यायचं ठरलं. पोलंडच्या सरहद्दीवर गव्हानं भरलेल्या वाघिणींच्या रांगा लागल्या. दाणा एका वाघिणीतून उपसून दुसरीत ओतायचा होता. बातमीतल्या चित्रात हमाल नव्हते, सरकते पट्टे होते. पण धूळ तशीच उडत होती, आणि दोन्ही वाघिणी जागच्या हलत नव्हत्या.